हिवाळ्याच्या खोलीतला बल्ब

त्या रविवारी आईने मला गाडी काढायला लावली. तिचा गुडघा दुखत होता आणि हॅम्स्टरांची वजनं करायची होती. सुट्टीच्या दिवशी काय अडलंय, असं विचारण्यात अर्थ नव्हता. हॅम्स्टरांना रविवार नसतो, हे उत्तर मी शाळेत असल्यापासून ऐकत आले होते.

संस्थेच्या वरच्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला तिच्या दोन खोल्या होत्या. एका दारावर 'उन्हाळा' अशी पाटी, दुसऱ्यावर 'हिवाळा'. आत ऊन नाही की थंडी नाही. दोन्हीकडे हवा तीच, खाणं तेच. फरक फक्त दिव्यांचा. उन्हाळ्यात दिवे बराच वेळ चालू असायचे, हिवाळ्यात थोडाच वेळ, आणि तेवढ्यावरून ते मुठीएवढे, उंदरासारखे प्राणी ऋतू ओळखायचे. हिवाळ्याच्या खोलीत काही आठवडे काढले की त्यांची तपकिरी लव पांढरी व्हायची, वजन उतरायचं, नरांची वृषणं आकसून मसुराच्या दाण्याएवढी व्हायची. मग शेजारच्या पिंजऱ्यात मादी आणून ठेवली तरी ते तिच्याकडे, आईच्या शब्दांत, 'निवृत्त हेडमास्तरासारखे' बघायचे. खोल्यांना खिडक्या नव्हत्या. माणसांना जागरण नको म्हणून घड्याळं अशी लावलेली, की आमची दुपार झाली की त्यांची रात्र सुरू व्हायची.

आम्ही पोचलो तेव्हा हिवाळ्यात रात्र झाली होती. पहिलं दार, मग काळा पडदा, मग दुसरं दार. हा क्रम मला पाढ्यांच्या आधी पाठ झालेला. आत आईने लाल टॉर्च लावला. तो मंद लाल उजेड त्यांच्या खिजगणतीत नसतो. अंधारात सगळीकडून चाकं फिरल्याचा आवाज येत होता. प्रत्येक पिंजऱ्यात एक पांढरा गोळा जिवाच्या आकांताने कुठेही न जाणारं चाक पळवत होता.

"हा बघ," एकाला डब्यात घालून काट्यावर ठेवत ती म्हणाली. "याला आत आणायच्या आधी चारून चारून गोल केला होता. त्याच्या बाजूचा पहिल्यापासून सडपातळ. दोघंही हिवाळ्यात गेले. आता बाहेर आधी कोण येतो ते बघायचं."

"बाहेर कसे येतील? तू दिवे तर बदलणार नाहीस."

"दिवे असेच राहणार. रात्र लांबच राहणार. पण सहाएक महिन्यांनी यांना रात्रीचा कंटाळा येतो. आपण होऊन वसंत सुरू करतात. बिळात बसलेल्याला बाहेर काय चाललंय ते कोण सांगणार? त्याला ते आतूनच कळायला लागतं."

"मग लठ्ठाला आधी कळतं का रोड्याला?"

"ते माहीत असतं तर रविवारी आले असते का मी मरायला?"

हे ती अगदी असंच म्हणाली. मी त्याला नंतर फार अर्थ चिकटवलेला नाही. ती मरायला रोजच जायची, बाजारातसुद्धा.

वजनं सांगताना तिच्या आवाजात लाड नसायचे. ती प्राण्यांना नावं ठेवत नसे, माणसांना मात्र ठेवायची. विभागप्रमुखांचं तिने ठेवलेलं नाव होतं 'शुभहस्ते'. पाणपोई असो, फ्रीज असो, नवा जिना असो, त्याचं उद्घाटन त्यांच्याच शुभहस्ते व्हायचं. मी पाच वर्षांची असताना ते आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा आईने मला पुढे ढकलून "काकांना नमस्कार कर" म्हटलं होतं. तेव्हापासून ते मला काका. आईच्या शोधनिबंधांवर आधी त्यांचं नाव छापून यायचं, मग आईचं. त्यांची भाषणं आई लिहून द्यायची. 'आपल्या शरीरातलं घड्याळ' या त्यांच्या पुस्तकातलं एक प्रकरण सोडलं तर बाकी सगळं आईचं होतं. ते एक प्रकरण मी वाचलंय. मी पाठ्यपुस्तकांची संपादक आहे; वाईट मजकूर वाचण्यावरच माझं पोट आहे. तरीही त्या प्रकरणाने माझी परीक्षा पाहिली.

जिना उतरताना भिंतीवर त्यांच्या व्याख्यानाचं पोस्टर होतं. हाताची घडी, मागे पौर्णिमेचा चंद्र. विषय : 'मेलाटोनिन : झोपेची गुरुकिल्ली'.

"झोपेची?" मी म्हटलं. "वरती तुझे सगळे मेलाटोनिनने काठोकाठ भरलेत आणि ऑलिम्पिकला निघाल्यासारखे पळतायत."

"जाऊ दे गं."

"तू त्यांना एकदा सांगितलंस का, की अंधार पडला की ते स्रवतं आणि उजेड पडला की थांबतं, एवढंच? झोपायचं का पळायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं?"

"माहितेय मला. सोनेरी जातीचा हॅम्स्टर लांब रात्रीत लठ्ठ होतो, आपले हे रोडावतात. निरोप एकच, घरं वेगळी." ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. "पण शुभहस्तेला सांगून काय करू? मला खोली हवी, त्याला मिरवायला हवं. स्वस्तात पडलंय मला."

"तीस वर्षं?"

"तू त्याच्यासमोर काही बोलू नकोस हं कधी."

"मी कधी बोललेय?"

"तोंडाने नाही बोललीस," आई म्हणाली आणि हसली. घरी जाऊन आम्ही टोस्ट खाल्ले. तिने गुडघ्याला शेक घेतला. दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध गॅसवर ठेवून ती खुर्चीत बसली. दूध उतू गेल्याच्या वासाने मी उठून आले.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. माणसं आली. मावशी आली आणि तिने घरातले दिवे लावले, सगळेच्या सगळे. आईला रात्री उजेड खपत नसे. फ्रीजच्या, चार्जरच्या, वॉशिंग मशीनच्या टीचभर दिव्यांवरसुद्धा तिने काळी चिकटपट्टी लावलेली होती. "काय हे, घराला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावलीय का गं?" असं म्हणत मावशीने नखाने एकेक पट्टी खरवडून काढली. तिचा हेतू चांगला होता. त्या आठवड्यात मला भेटलेल्या प्रत्येकाचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूचा मला तेव्हापासून जरा धाक बसलाय.

शोकसभेत काका रडले. खरंच रडले, चष्मा काढून. मग चष्मा घालून त्यांनी जाहीर केलं की हिवाळ्याच्या खोलीला आईचं नाव देण्यात येईल, आत तिची तसबीर लागेल, आणि 'ज्ञानाच्या त्या अखंड ज्योतीचं प्रतीक म्हणून' तसबिरीवर एक दिवा कायम तेवत राहील. टाळ्या झाल्या. मी त्या वेळी आईच्या चपलांचं काय करायचं याचा विचार करत होते. वाक्य कानावर पडलं, आत गेलं नाही. सभागृह भरून जीवशास्त्रज्ञ बसलेले होते. त्यांच्याही आत गेलं नाही. निदान मला तरी सबब होती.

दीडेक महिन्याने आईच्या विद्यार्थिनीचा फोन आला. ही मुलगी आईच्या हाताखाली पीएच.डी. करत होती आणि आता काकांच्या हाताखाली करत होती; म्हणजे आई गेल्यावर त्या फ्रीज आणि जिन्यासारखीच तीही त्यांच्याकडे गेली होती.

"ताई, हिवाळ्यातले प्राणी तपकिरी व्हायला लागलेत."

"बाहेर येतायत?"

"यायची वेळ नाही झालेली. अजून बराच अवकाश आहे. आणि लठ्ठ, रोडे, सगळे एकदमच येतायत. वजनं वाढलीत. वृषणं पण..." ती अडखळली. "सर म्हणतात, मॅडमकडूनच काहीतरी गफलत झाली असणार. गट मिसळले असतील. वय झालं होतं म्हणतात. उद्याच्या स्मृतिव्याख्यानात ते बोलणार आहेत, की शेवटच्या प्रयोगात त्रुटी राहिली तरी मॅडमचं योगदान वगैरे."

"आणि तुला काय वाटतं?"

"ताई, तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

गट मिसळले. माझ्या आईने. घरी डाळीच्या डब्यात तांदळाचा दाणा सापडला तर जी जबाब घ्यायची, तिने.

दुसऱ्या दिवशी दुपारी, व्याख्यानाच्या आधी, मी गेले. 'हिवाळा' ही पाटी निघाली होती, तिच्या जागी पितळी अक्षरांत आईचं नाव. खाली, किंचित लहान अक्षरांत, कोणाच्या शुभहस्ते तेही. विद्यार्थिनी लाल टॉर्च घेऊन उभी होती. पहिलं दार, पडदा, दुसरं दार. टॉर्च लागलाच नाही. गरजच नव्हती.

समोरच्या भिंतीवर आई होती. कुठल्यातरी ओळखपत्रावरून मोठा केलेला, चेहरा पिठासारखा झालेला फोटो. आणि त्याच्यावर झिरोचा बल्ब. पिवळा, गुळगुळीत, साधासुधा झिरोचा बल्ब. त्याच्या उजेडात मला माझ्या हातावरच्या रेषा दिसत होत्या.

"हा कधीपासून आहे?"

"शोकसभेनंतर दोन दिवसांनी लावला. आधी फोटो काढायला पांढरे दिवे पण लावले होते, यांच्या रात्रीच. सगळे आत आले होते."

"सगळे म्हणजे? विभागातले?"

"हो ताई."

"आणि कोणी काही बोललं नाही?"

"मी म्हटलं होतं सरांना, की आत नको, कॉरिडॉरमध्ये लावू. तर म्हणाले, 'अगं, झिरोचा बल्ब आहे, त्याने काय होतंय! नावातच झिरो आहे.'" ती खाली बघत होती. "नंतर मी नाही बोलले. माझ्या प्रबंधावर त्यांची सही लागते."

या मुलीला मी नीट पाहिलं. हुशार, कष्टाळू, आणि तोंड शिवलेलं. आईने तिला सगळं शिकवलं होतं, तेही.

मी पिंजऱ्यांकडे वळले. वर्षानुवर्षं ज्या खोलीत मी टॉर्चच्या लाल ठिपक्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं, ती मला पहिल्यांदाच धडपणे दिसत होती, आणि जे दिसलं ते कुणाही शेंबड्या पोराला कळलं असतं. तसबिरीसमोरची रॅक : सगळे तपकिरी, गुबगुबीत, तेज डोळ्यांचे. आतला वसंत नव्हे तो. बल्ब बघून फसलेला उन्हाळा. त्यांच्या बाजूचे, थोडे तिरके : पाठीवर तपकिरी पट्टा, पोट अजून पांढरं. आणि खांबाच्या मागची, बल्बच्या आडोशाला आलेली रॅक : पांढरीशुभ्र. लठ्ठ असोत की रोडे. तिथे अजून हिवाळा होता, आईने सोडला तसाच.

"मागच्यांची वजनं?"

"उतरलेलीच आहेत. तिथे दोन्ही गटांतले आहेत, ताई. दिवा आज गेला तर तेवढ्यांवर काम पुरं होईल. कमी आहेत, पण होईल. आणखी काही दिवस राहिला तर..." तिने खांबाकडे पाहिलं. मागच्या रॅकमधल्या पुढच्या एका नराच्या मानेवर तपकिरी छटा आली होती.

बल्बपर्यंत माझा हात पोचत होता. तरी मी आधी काकांकडे गेले. आईची लेक, खोली त्यांची आहे हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं.

काका केबिनमध्ये टाय नीट करत होते. "ये, ये बाळ. बरं केलंस आलीस. वर जाऊन आलीस? दिवा पाहिलास? वायर इमर्जन्सी लाइनवरून घेतलीय मी. वीज गेली तरी विझणार नाही."

"काका, तो काढावा लागेल. आज, आत्ता. प्राणी त्या उजेडाने बाहेर आलेत. आईची चूक नाही ती. समोरचे तपकिरी आहेत, खांबामागचे पांढरे आहेत. तुम्ही स्वतः बघा."

"पुढच्यांना खाणं आधी मिळतं," काका लगेच म्हणाले. विचार करायला एक क्षणही न घेता चुकणं ही त्यांची हातोटी होती.

"खाणं सगळ्यांना पोटभर असतं, काका."

"बाळ, तू साहित्यातली. तुला म्हणून सोपं करून सांगतो. मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक. एवढ्याशा उजेडात तू झोपतेस की नाही? मग हॅम्स्टर का नाही झोपणार?" ते उठून माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "मला कळतं तुला काय वाटतंय. आईची चूक कुणाला मान्य होते? मी फार सौम्य शब्दांत बोलणार आहे. आणि दिवा हा भावनेचा प्रश्न आहे. आज पाहुणे त्यासाठीच वर जाणारेत. नंतर बघू आपण, कार्यक्रम होऊ दे."

हा माणूस खोटं बोलत नव्हता, हे मला तेव्हा कळलं, आणि ते कळणं भयंकर होतं. इतकी वर्षं मी त्यांना चोर समजत होते. चोराला निदान माल ओळखता येतो. यांनी आईची सगळी भाषणं वाचून दाखवली होती आणि त्यातलं एक वाक्यही यांच्या अंगाला लागलं नव्हतं. आणि आईने ते तसंच चालू दिलं होतं. तिच्या गप्प बसण्याला मी आजवर मोठेपणा म्हणत आले. त्या केबिनमध्ये मला पहिल्यांदा वाटलं, की तो आळस होता. हुशार माणसांचा खास आळस. मूर्खाला समजावण्यापेक्षा त्याच्या हो ला हो करणं सोपं पडतं. तिने तीस वर्षं हो ला हो केलं, आणि ती गेल्यावर तो मूर्ख दिवा घेऊन तिच्या खोलीत शिरला. विचारायला ती नव्हती, आणि बाकी कुणाला विचारायची त्याला सवय नव्हती.

"चला, पाहुणे आले," काका म्हणाले.

आम्ही सगळे वर गेलो. पाहुण्यांत एक बाई आणि दोन पुरुष होते, विभागातले बरेच जण होते, फोटोग्राफर होता. काकांनी दोन्ही दारं एकदम उघडली आणि पडदा बाजूला धरून ठेवला, लग्नाच्या हॉलच्या दारात उभं राहतात तसे. कॉरिडॉरचा पांढरा उजेड आत घुसला. विद्यार्थिनीने घाईने पाहुण्यांच्या मागून दार लावून घेतलं. तेवढं तरी तिने केलं.

"या खोलीत," काकांनी सुरुवात केली, "आमच्या मॅडमनी आयुष्य वेचलं. मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, यावर—"

खोलीभर चाकं घरघरत होती. पाहुण्या बाईंनी पिंजऱ्यांकडे बघून विचारलं, "हे झोपत नाहीत का?"

"झोपतील आता," काका म्हणाले. "शेवटच्या काळात, काय आहे, वयानुसार थोडी गफलत झाली, गट मिसळले गेले, पण आम्ही ते मोठ्या मनाने—"

मी तसबिरीजवळ गेले. आईच्या पिठाळ चेहऱ्याला खांदा लागला. पदराने बल्ब धरला आणि फिरवून काढला. तो एवढा गरम असेल असं वाटलं नव्हतं.

अंधार झाला. कुणीतरी "लाइट गेली" म्हणालं. फोटोग्राफरने मोबाइल काढला असावा, कारण विद्यार्थिनीचा आवाज आला, धारदार, अनोळखी : "मोबाइल आत ठेवा. आत्ताच्या आत्ता ठेवा." मोबाइल आत गेला. मग नुसती चाकं, पुढची आणि खांबामागची, सगळी आपापल्या लयीत.

"बाळ," काकांचा आवाज आला, "हे काय करतेयस?"

बल्ब माझ्या हातात निवत होता. मला आई आठवली, कठड्याला धरून पायरी उतरताना, तू काही बोलू नकोस हं म्हणताना.

"काका," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "आईने गट मिसळले नाहीत. हे प्राणी तुमच्या दिव्याने बिघडले. तुम्हाला यातलं काही कळत नाही. कधीच कळत नव्हतं. आईला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तिने तुम्हाला सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही, म्हणून मी सांगतेय."